झोळी सोडवायचीय: डोकावून, शेजारी बसून की वेळ सरकवून?

दोन वर्षांचं मूल रात्री झोळीत झोपतं आणि एकला, तीनला उठून पुन्हा झोळीच मागतं. हा हट्ट नव्हे. या वयात झोप साधारण तासाभराच्या फेऱ्यांनी चालते आणि फेरी संपताना मूल अर्धवट जागं होतं. डोळा लागला तेव्हा झोका होता, आता तो थांबलाय, म्हणून ते रडतं. मांडी, थोपटणं, दुधाची बाटली यांचंही तसंच. (बाटली तोंडात ठेवून झोपवल्यानं दातही किडतात, ती आधी सोडवा.) तेव्हा मुलाला जागेपणीच गादीवर टेकवायचं आणि तिथंच झोप लागू द्यायची सवय लावायची. त्याचे तीन मार्ग आहेत. मुंबईत त्यातला कुठला जमेल, हे मुलाच्या स्वभावाइतकंच घराच्या भिंती ठरवतात.

डोकावण्याचा मार्ग सगळ्यांत झटपट. मुलाला टेकवून बाहेर यायचं. ते रडलं तर 3 मिनिटांनी, मग 5, मग 10 मिनिटांनी आत जाऊन अर्धा-एक मिनिट धीर द्यायचा, उचलायचं नाही. बऱ्याच मुलांचं आठवडाभरात बसतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडणं वाढू शकतं आणि नेमकं तिथंच घर हार मानतं. चाळीस मिनिटं रडल्यावर उचललंत, की चाळीस मिनिटं रडायचं असतं एवढंच ते शिकतं. यासाठी दार लागणारी वेगळी खोली हवी. वन रूम किचनमध्ये बाहेर जायचं तरी कुठं? भिंतीपलीकडे शेजारी, घरात आजी-आजोबा; दुसऱ्या रात्री कुणीतरी उचलणारच. तिथं हा मार्ग सुरूच करू नका.

शेजारी बसण्याचा मार्ग दोन-तीन आठवडे खातो, पण लहान घरात हाच टिकतो. पहिल्या तीन रात्री गादीला टेकून बसा, पोटावर हात फक्त ठेवायचा, थोपटायचं नाही. पुढच्या तीन रात्री हात काढा. मग हातभर लांब, मग ओट्यापाशी. तिथं भांडी विसळलीत तरी चालेल. तुम्ही दिसता, ऐकू येता, एवढं त्याला पुरतं. बिघडतं ते दोन गोष्टींनी: मूल बोललं की आपण गप्पा मारतो, आणि अंधारात मोबाइल काढतो. मूल उठून आलं तर न बोलता परत नेऊन टेकवायचं, दहा वेळा आलं तरी.

वेळ सरकवण्याचा मार्ग नऊला टेकवून पावणेअकराला झोपणाऱ्या मुलासाठी. सुरुवात पावणेअकरालाच करा. सलग दोन रात्री वीसेक मिनिटांत झोप लागली, की 15 मिनिटं अलीकडे या. सकाळी मात्र रोज त्याच वेळी उठवायचं, रविवारीही. हा मार्ग शेजारी बसण्याला जोडता येतो. वन रूम किचनसाठी आम्ही हीच जोडी सुचवू.

यातला कुठलाही मार्ग फसतो तो बहुधा दुपारी. पाळणाघरात मूल पाचपर्यंत झोपलं तर नऊला झोप कशी येईल? साडेतीनपर्यंत उठवायला सांगा. पण दुपारची झोप बंद करू नका: ती धरून 1 ते 2 वर्षांच्या मुलांना 11 ते 14 तास, 3 ते 4 वर्षांच्यांना 10 ते 13 तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. झोपण्याआधी तासभर टीव्ही आणि ट्यूबलाइट बंद ठेवा. निळा झिरोचा बल्ब काढून मंद पिवळा लावा, निळा उजेड झोप लांबवतो.

बाबा साडेनऊच्या लोकलनं येतात म्हणून मुलाला जागं ठेवणं समजण्यासारखं आहे, पण दारावरची बेल ऐकून ते पुन्हा तासभर ताजंतवानं होतं. बाबांची वेळ सकाळी ठेवा: आंघोळ, दूध, पाळणाघरात सोडणं.

ताप, दात येणं किंवा गावाहून परतलेला आठवडा असेल तर थांबा. मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथं सवय लावून भागत नाही.

आणि झोळी उतरवाल तेव्हा छताच्या कडीतली दोरीही त्याच दिवशी सोडून ठेवा. चढायला शिकलेल्या मुलाच्या गळ्यात लोंबती दोरी अडकू शकते.