पहिली-दुसरीचा घरचा अभ्यास: रोज वही भरून घेणारी शाळा की फक्त वाचायला सांगणारी?

कोल्हापुरात पहिलीचा प्रवेश घेताना आपण माध्यम बघतो, फी बघतो, रिक्षा दारापर्यंत येते का ते विचारतो. जरगनगरच्या महापालिका शाळेसाठी तर पालक रांगा लावतात. पण ‘घरचा अभ्यास किती देता आणि कसला देता’ हे विचारणारे पालक मला फारसे भेटले नाहीत. माझ्या मते घरातल्या संध्याकाळी पुढची दोन-तीन वर्षं कशा जाणार, हे याच उत्तरावर ठरतं. ज्यांचं अजून नक्की झालेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या घरात दोन्ही प्रकार नांदले. थोरली लेक रोज लेखी अभ्यास देणाऱ्या शाळेत पहिली-दुसरी शिकली. धाकट्याला आम्ही ठरवून अशा शाळेत घातलं, जिथं दुसरीपर्यंत लेखी अभ्यास जवळजवळ नसतोच. शुक्रवारी वाचनालयातलं एक पातळसं पुस्तक घरी येतं आणि पाढे तोंडी म्हणून घ्या, एवढा निरोप असतो. दोन्ही शाळा चांगल्या, दोन्हीकडच्या बाई जीव लावून शिकवणाऱ्या. त्यामुळे फरक मला जसा दिसला तसा सांगतो. दुसऱ्या घरात तो वेगळा दिसू शकेल, हेही मान्य आहे.

रोज अभ्यास देणाऱ्या शाळेचा मोठा फायदा म्हणजे वर्गात काय चाललंय ते घरी कळतं. डायरी उघडली की आज जोडाक्षरं, उद्या हातच्याची बेरीज, सगळं समोर. शिवाय मूल ठरल्या वेळी बसायला शिकतं. थोरलीला ती सवय लागली आणि ती टिकली, याचं श्रेय त्या शाळेचं. पावसाळ्यात तर हा अभ्यास मला हवासाच वाटायचा. जुलैत झड लागली, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं आणि शाळांना सुट्टी मिळाली की पोरं दिवसच्या दिवस घरात कोंडलेली असतात. अशा वेळी चार ओळी लिहायला असल्या की दिवसाला जरा आकार येतो.

दुसऱ्या शाळेत हे काहीच आयतं मिळत नाही. मूल कुठवर आलंय ते पालकसभेपर्यंत नीट कळत नाही. आपणच त्याला जवळ घेऊन वाचायला लावायचं, तेव्हा अंदाज येतो. आजीचा जीव तर पहिले काही महिने टांगणीला लागला होता. ‘आज पण अभ्यास न्हाई? मग शाळेत शिकवत्यात तरी काय?’ हा प्रश्न रोजचा. आणि रिकामी संध्याकाळ आपोआप खेळात जाते असंही नाही. हातात मोबाईल दिला तर ती मोबाईलमध्येच जाते.

एवढ्यावर तोलायचं असतं तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी राहिली असती. आमचं ठरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

थोरलीला दुसरीत असताना एखादं वाक्य दहा वेळा लिहून आणायला सांगत. समजा वाक्य आहे, ‘आमच्या गावात मोठे तळे आहे.’ ती काय करायची, तर पानाच्या डाव्या कडेला वरून खाली दहा वेळा ‘आमच्या’ लिहायची. मग त्याच्या शेजारी दहा वेळा ‘गावात’, मग ‘मोठे’, मग ‘तळे’, आणि शेवटी ‘आहे’ची उभी रांग. हात भराभर चालायचा, अक्षर सुबक यायचं, पान एकसारखं भरायचं. दुसऱ्या दिवशी बाईंची सही आणि ‘छान’ असा शेरा. मी एकदा म्हटलं, वाच बघू काय लिहिलंस. ‘आमच्या गावात’पर्यंत गाडी आली आणि थांबली. दहा वेळा लिहिलेलं वाक्य तिनं एकदाही वाचलेलं नव्हतं. वाचायची गरजच पडली नव्हती.

पाढ्यांचंही तेच. चारचा पाढा म्हणजे चारांची एक उभी रांग, मग एक ते दहा, मग बरोबरची चिन्हं, आणि शेवटी उत्तरं उजळणीतून बघून. पान बिनचूक, पण ‘चार साते किती?’ विचारलं की गप्प. अक्षरांचं तर याहून अवघड. ती ‘क’ भलतीकडूनच सुरू करायची आणि तो वळणाचा दोष रोजच्या सरावानं पक्का होत गेला. लिहिलेलं अक्षर कागदावर दिसतं, ते कुठून सुरू झालं हे दिसत नाही. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गातल्या सगळ्या वह्या मधल्या सुट्टीत तपासायच्या असतील तर त्या भरलेलं पानच बघणार. मी ओळखीच्या पालकांना विचारलं, तर बहुतेकांच्या वह्यांत याच उभ्या रांगा होत्या. पोरं हुशार असतात, काम लवकर संपवायची वाट बरोबर शोधतात.

मग शेजारी बसून आडवं लिहून घ्यायला लागलो. एकेक वाक्य वाचायचं, मग लिहायचं. त्याला तिप्पट वेळ लागायचा, शेवटी तिचे डोळे भरायचे आणि माझा आवाज चढायचा. सरकारनं २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. मुलांच्या झोपेच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं, पण शाळा सुटायलाही उशीर होतो. मूल घरी येऊन, खाऊन बाहेर पडेपर्यंत उजेड थोडाच उरतो. पेठेतल्या पोरांचा फुटबॉल त्याच वेळेत सुरू असतो आणि आमची वहीही त्याच वेळेत उघडायची.

म्हणजे हा अभ्यास नीट व्हायचा असेल तर शेजारी मोठं माणूस हवं, तेही रोज आणि शांत डोक्याचं. ते नसेल तर उभ्या रांगा तयार होतात. पुष्कळ घरांत आई मराठी माध्यमात शिकलेली आणि मूल इंग्रजी माध्यमात, मग वही गल्लीतल्या ट्यूशनला जाते. सहा-सात वर्षांचं लेकरू शाळेतून सुटून पुन्हा तासभर दुसऱ्या वर्गात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा शाळेत आलेल्या कित्येक मुलांच्या घरी अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. त्या मुलांना जे शिकायचं ते शाळेच्या चार भिंतींतच शिकावं लागलं. आजही घरी मदत नसलेल्या मुलाला तेच लागतं, आणि वह्या भरून आणायची अट त्यालाच सगळ्यात जड जाते.

जाणकारांचं म्हणणंही माझ्या कलाच्या जवळ जातं. मुलांवरचं अभ्यासाचं ओझं कमी कसं करायचं हे बघायला केंद्रानं नेमलेल्या यशपाल समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं की प्राथमिक वर्गांना घरचा अभ्यास नको. द्यायचाच तर घरच्या परिसरातला शोध पुढे नेणारा द्यावा. दप्तराचं ओझं कमी करण्यासाठीच्या केंद्राच्या २०२० च्या धोरणात दुसरीपर्यंत काहीच नाही आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, अशी शिफारस आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर यांनी या विषयावरचे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना गृहपाठ आणि यश यांचं नातं मोठ्या मुलांत ठळक, तर लहान मुलांत फारच फिकं दिसलं. तरी त्यांचाही गृहपाठाला सरसकट विरोध नाही. इयत्तेगणिक दहा मिनिटं, म्हणजे पहिलीला दहा आणि दुसरीला वीस, हा हिशेब त्यांना पटतो. मलाही तो वाजवी वाटतो, फक्त ती वीस मिनिटं वाचनात गेली तर.

धाकट्याच्या शाळेचा अभ्यास म्हणजे ‘भाजी आणायला बरोबर न्या, पैसे त्याला मोजू द्या.’ कपिलतीर्थ मार्केटात पन्नासची नोट देऊन मेथीची जुडी घेतली की परत किती यायला हवेत, हे तो भाजीवालीच्या आधी सांगायला बघतो. चुकतोही. पण चुकला की तिथंच कळतं, आणि पुढच्या गाड्यावर तो जास्त सावध असतो. रात्री पुस्तक वाचताना अडला तर मी पुढचा शब्द सांगतो, दोन पानं झाली की पुरे. त्याचं अक्षर थोरलीच्या त्या वयातल्या अक्षराएवढं सुबक नाही, हे खरं. पण तो रस्त्यावरच्या पाट्या आपणहून वाचत जातो. ती त्या वयात तसं वाचत नव्हती. दोन मुलं वेगळी असतात, सगळं श्रेय शाळेला देता येत नाही, तरी मला यात शाळेचा हात दिसतो.

शिष्यवृत्तीचा मुद्दा कोल्हापुरात टाळून चालत नाही. गुणवत्ता यादीत आपल्या जिल्ह्याची मुलं झळकतात, त्याचा अभिमान आहे, तो असावाच. काही वर्षं पाचवी-आठवीला गेलेली ही परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाल्यापासून दुसरीच्या पालकांतही धाकधूक सुरू झालीय. तिसरीपासून सराव लागतो, हे मी मानतो. पण प्रश्नपत्रिका सोडवायची तर आधी प्रश्न वाचून समजायला हवा, आणि तो पाया पहिली-दुसरीत वाचनानंच भरतो. अभ्यासाची सवय नसलेल्या मुलाला तिसरीत एकदम भार जाणवतो, ही धास्ती मलाही आहे. म्हणून दुसरीच्या शेवटच्या सत्रापासून आम्ही धाकट्याला घरीच रोज थोडं लिहायला बसवतोय, त्यानं स्वतः सांगितलेली दोन-तीन वाक्यं.

घरी संध्याकाळी कुणीच नसेल आणि मूल आजी-आजोबांकडे टीव्हीसमोर बसून राहणार असेल, तर रोज थोडा अभ्यास देणारी शाळा घ्यायला माझी हरकत नाही. निदान बसायची शिस्त लागेल. रोज पंधरा-वीस मिनिटं मुलाजवळ बसणं जमत असेल, तर मात्र मी कमी अभ्यासाच्या शाळेकडे झुकेन. प्रवेशाआधी एक करा. त्या शाळेतल्या, दुसरीत शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाची वही मागून घ्या आणि कुठलंही भरलेलं पान उघडून त्याला ते वाचून दाखवायला सांगा. त्यानं ते सहज वाचलं, तर शाळा किती अभ्यास देते याची फार काळजी करू नका.