फायर ब्लँकेट: दोन घेतली, एक सरावात वापरलं

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात कढई पेटली. मी नाशिकला घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते. त्या रात्री आठ किलो चकली करायची होती. कढईत दोन-अडीच लिटर तेल तापत ठेवलं होतं आणि मी बाहेरच्या खोलीत उकड मळत बसले होते. सुनेची हाक ऐकून धावले तेव्हा जाळ एक्झॉस्ट फॅनला लागत होता आणि तिच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. तो मी हिसकावून घेतला म्हणून आज हे लिहायला बसले आहे. पेटत्या तेलात पाणी पडलं की ते तळाला जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते, त्यामुळे ती पेटतं तेल सोबत घेऊनच वर उसळते.

मी वरून परात झाकली. पण कढईत झारा तसाच होता. त्याच्या दांड्यामुळे परात तिरकी राहिली आणि फटीतून जाळ येतच राहिला. शेगडीची बटणं त्या जाळापाशीच, हात घालायची सोय नाही. शेवटी दिरांनी ओट्याखाली वाकून रेग्युलेटर बंद केला, सांडशीने झारा ओढून काढला, तेव्हा कुठे परात बसली. भाऊजींच्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे.

मोकळ्या कढईवर घट्ट बसणारं झाकण असेल तर ते पहिलं, हे मी आजही म्हणते. फायर ब्लँकेट घेतलं ते झाऱ्यासाठी. कापडच ते, दांड्यावरून, कढईच्या कानांवरून खाली पडतं आणि फट राहू देत नाही. ऑनलाइन दोन मागवली, ७४० रुपयांना एक. काचेच्या धाग्यांचं पांढरं विणलेलं कापड, १.२ मीटर चौरस, लाल पाऊचमध्ये घडी करून ठेवलेलं, खाली दोन काळ्या पट्ट्या लोंबतात. एक मीटरचंही मिळतं, पण आमच्या तळणीच्या कढईला आणि शेजारच्या बर्नरला मिळून ते अपुरं वाटलं. घेताना पाकिटावर ईएन १८६९ आणि त्यापुढे २०१९ हे साल आहे का ते बघा. युरोपातलं हे मानक त्या वर्षी सुधारलं गेलं. नुसतं 'फायरप्रूफ' लिहिलेलं मी परत केलं.

एक ब्लँकेट मी सरावासाठीच घेतलं होतं. तेल पेटवून बघण्याचा वेडेपणा केला नाही, कुणी करूही नये. थंड कढईत झारा ठेवून ती गच्चीवर मांडली आणि घरातल्या प्रत्येकाला ब्लँकेट काढून झाकायला लावलं. पैसे वसूल झाले ते इथेच, कारण पहिल्याच वेळी सुनेने पट्ट्या ओढल्या आणि अख्खं पाऊच चिकट हुकासकट तिच्या हातात आलं. सोबत दिलेला तो हुक सरळ टाकून द्या. आम्ही भिंतीत रावळप्लग ठोकून स्क्रू बसवला.

दुसरी चूक सगळ्यांनीच केली. कापड लांबून भिरकावलं. ते कढईवर अर्धंच पडलं आणि पलीकडून घसरलं. करायचं असं: वरची कड दोन्ही हातांवर उलटी दुमडून घ्यायची, म्हणजे बोटं झाकली जातात. कापड अंगासमोर ढालीसारखं धरायचं, जवळची बाजू आधी टेकवायची आणि मग आपल्यापासून लांब, पुढे सरकवत नेऊन झाकायचं. गॅस बंद करायचा. आणि मग हात लावायचा नाही, निदान अर्धा तास. वर उचलून बघायचा मोह फार होतो, पण तेल अजून तेवढंच तापलेलं असतं, हवा लागली की परत पेटतं. कढई उचलून मोरीत न्यायची नाही. कापड जाळाला कह्यात ठेवत नसेल तर दार ओढून घेऊन बाहेर पडायचं आणि १०१ फिरवायचा.

तक्रारी आहेत. काचेचे धागे हाताला टोचतात, सरावानंतर माझे तळवे संध्याकाळपर्यंत खाजत होते. लहान मुलांना हाताळायला देऊ नये. सूचना फक्त इंग्रजीत होत्या, सासूबाईंना त्याचा काय उपयोग? मी मार्करने चार ओळी मराठीत लिहून पाऊचवर चिकटवल्या. आणि खऱ्या आगीवर एकदा वापरलेलं ब्लँकेट पुन्हा घडी करून ठेवायचं नसतं, टाकून द्यावं लागतं. जाहिरातीत इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचंही चित्र होतं, त्यावर विसंबू नका. लिथियमची बॅटरी आतून तापत राहते, वरून हवा तोडून ती विझत नाही.

जिन्यात सोसायटीचा पावडरचा सिलिंडर आहे, मग याची गरज काय, असं भाऊजींनी विचारलं. लाकूड, कागद, पडदा यांना तो हवाच. पण उकळत्या तेलावर जोराचा फवारा मारला तर तेल उडू शकतं, आणि पावडर तेलाला थंड करत नाही. शिवाय जिन्यापर्यंत जाऊन येईपर्यंत आमचं छत काळं झालं असतं. माझ्या आईच्या घरी चुलीजवळच्या खुंटीवर घोंगडी असायची. लोकर सहज पेट घेत नाही, म्हणून कुणाच्या पदराला आग लागली तर त्याला तीच गुंडाळायची. हे ब्लँकेटही तसं वापरता येतं: माणसाला आडवं करायचं आणि गळ्यापासून खाली गुंडाळायचं, म्हणजे जाळ तोंडाकडे चढत नाही. भाजलेल्या जागेवर मग वीस मिनिटं नळाचं पाणी.

सुरुवातीला मी पाऊच शेगडीच्या वरच लावणार होते, तिथे जागा होती. पण आग लागेल तिथेच ते टांगलं तर काढायचं कसं? म्हणून आता ते स्वयंपाकघराच्या दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर आहे. मागच्या महिन्यात पुन्हा सराव केला. सून, मुलगा, भाऊजी सगळ्यांना जमलं. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांनी पट्ट्या धरल्या, पण खांदा दुखतो म्हणून हात वर जाईना. मुलाने त्याच दिवशी स्क्रू काढून साडेतीन फुटांवर बसवला, आणि सासूबाईंनी ब्लँकेट एका झटक्यात ओढून काढलं.