गोल्फचा सेट ‘कस्टम फिटिंग’ने घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

पुण्यातल्या एका दुकानातून मी आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या गोल्फच्या काठ्या, म्हणजे क्लब) सेट ‘कस्टम फिटिंग’ करून, म्हणजे माझ्या मापाने, घेतला. दीड लाखाच्या आसपास गेले, फिटिंगची फी वेगळी. हातात पडला तो कारखान्यातून येतो तसाच स्टँडर्ड सेट, आणि खोक्यावर स्टिकर मात्र माझ्या मापांचं. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव देत नाही. पण युक्त्या सांगतो, त्या कुणीही वापरू शकतं.

पहिली युक्ती स्क्रीनवरची. जाळीत फटके मारायला लावतात, शेजारी लाँच मॉनिटर, म्हणजे फटका मोजणारं यंत्र. माझ्या जुन्या सात नंबरच्या आयर्नने कॅरी (चेंडू हवेतून जातो ते अंतर) १४० यार्डांच्या आगेमागे येत होती. मग त्यांचा नवा सात नंबर हातात दिला आणि आकडा १५५च्या वर गेला. ‘बघा सर, शाफ्टचा फरक!’ असं म्हणत फिटरने त्या महागड्या शाफ्टची, म्हणजे क्लबच्या दांडीची, किंमतही लगेच सांगून टाकली. कसला आलाय शाफ्टचा फरक! माझ्या जुन्या सात नंबरचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल; तो कमी तितका चेंडू लांब) ३४ अंश, त्यांच्याचा २९. म्हणजे तळावर आकडा सातचा असला तरी जुन्या हिशेबाने तो सहा नंबरपेक्षाही ताठ. हल्ली बऱ्याच कंपन्या लॉफ्ट कमी करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते न सांगता त्याच यार्डांवर शाफ्ट खपवणं ही सरळसरळ बनवाबनवी. त्यात माझ्या क्लबला सरावाच्या रेंजचे झिजलेले चेंडू आणि त्यांच्या क्लबला कोरे करकरीत. मॉनिटरमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमानही भरता येतं. उंची वाढवली की चेंडू कागदावर लांब जातो. तेव्हा सेटिंगचं पान दाखवा म्हणा, दोन्ही क्लबना एकच चेंडू मागा आणि आधी दोन्हींचा लॉफ्ट विचारा.

शाफ्टवरच्या ‘आर’ (रेग्युलर), ‘एस’ (स्टिफ, म्हणजे कडक) या अक्षरांचंही तसंच. त्यांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक ठरलेलं माप नाही. एकाचा स्टिफ दुसऱ्याच्या रेग्युलरइतका मऊ निघू शकतो.

खरा घोटाळा पुढे आहे. माझी उंची सहा फुटांच्या वर. मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं, क्लबच्या तळाला टेप लावली आणि प्लास्टिकच्या फळीवरून फटके मारून घेतले. टेपवरची खूण मधोमध न येता टो-कडे, म्हणजे क्लबच्या पुढच्या टोकाकडे, सरकलेली. याचा अर्थ क्लब मला फ्लॅट (दांडी जास्त आडवी) पडतो, फटक्याच्या वेळी क्लबची टाच (दांडीकडची बाजू) उचललेली राहते आणि चेंडू उजवीकडे जातो. (मी उजव्या हाताने खेळतो. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) फिटरने माप लिहिलं: लाय (दांडी आणि जमीन यांतला कोन) दोन अंश अपराइट (जास्त उभा), लांबी अर्धा इंच जास्त. इथपर्यंत माणसाचं काम चोख होतं, हे कबूल करायला हवं.

सेट आला आणि चेंडू पूर्वीसारखाच उजवीकडे. दुकानात विचारलं तर म्हणे, ‘नव्या सेटची सवय व्हायला वेळ लागतो सर, आमच्या कोचकडे लेसन घ्या.’ त्याचेही पैसे वेगळे! कोर्सवर आमच्या म्हाताऱ्या कॅडीमामांनी एक डिव्हट (फटक्याने जमिनीत पडलेला खड्डा) बघितला, त्यात बोट घातलं आणि म्हणाले, ‘साहेब, टो लागतोय. हे बघा, पुढच्या अंगाला खोल, टाचेकडं गवत तसंच.’

मग दुसऱ्या एका कारागिराकडे लाय-लॉफ्टच्या मशीनवर सेट चढवला. सात नंबरचा लाय ६२.५ अंश, म्हणजे त्या मॉडेलचा कंपनीचाच आकडा. लांबी ३७ इंच, तीही कंपनीचीच. होझेलवरचा (डोकं दांडीला जोडणारी नळी) सिरियल नंबर अधिकृत वितरकाला कळवला. त्यांच्या नोंदीत हा साधा स्टॉकचा सेट, कुणाच्या मापाची ऑर्डर गेलेलीच नव्हती.

हे समोर ठेवल्यावर दुकानदार म्हणाला, ‘आणा, इथेच वाकवून देतो.’ माझ्या सेटची हेड ओतीव स्टेनलेस स्टीलची आहेत. घडीव मऊ पोलादासारखी ती सहज वाकत नाहीत, जोर जास्त झाला तर होझेल तुटू शकतो. आणि लांबीचं काय? अर्धा इंच कुठून आणणार?

बिलावर फक्त ‘गोल्फ सेट, १ नग’. अडचण तिथेच आहे. नशिबाने मापांच्या कागदाचा फोटो फिटरनेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तोच आता पुरावा. तुम्ही मात्र लाय, लॉफ्ट, लांबी, शाफ्टचं नाव आणि ग्रिपची जाडी बिलावरच लिहून घ्या, सिरियल नंबरासकट. सेट आल्यावर दुकानातच मशीनवर चढवायला लावा. टाळाटाळ झाली तर उरलेली रक्कम देऊ नका.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. मी हेल्पलाइनवर नोंद केली आणि दुकानाचा सूर बदलला. आता ते तेवढ्याच रकमेची बॅग, बूट, हातमोजे घ्या म्हणतात. मी पैसेच मागितलेत, आणि तेही लेखी.