होंडा ४०० ईएक्सचा ‘स्टेज वन’ संच: जेट ठेवा, पॉड फिल्टर परत करा

होंडाच्या जुन्या चारशे ईएक्ससाठी, म्हणजे रस्त्याबाहेर चालवायच्या चार चाकांच्या एटीव्हीसाठी, ‘स्टेज वन’ नावाने जो संच विकला जातो, त्यात तीन वस्तू असतात: एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा मूळ डबा) काढून थेट कार्ब्युरेटरवर बसवायचा पॉड फिल्टर, जेटची (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणाऱ्या, भोक असलेल्या बारीक तुकड्यांची) पुडी आणि मूळ पाइपवर सरकवून बसणारा स्लिप-ऑन सायलेन्सर. सातारा-सांगलीची धूळ, इथले चढ आणि आजचं पेट्रोल बघता यातली एकच वस्तू पैसे वसूल करते, ती म्हणजे जेट. सायलेन्सर चालून जाईल. पॉड फिल्टर खोक्यातून बाहेरसुद्धा काढू नका.

गाडी कोणती ते आधी नीट बघा. १९९९ ते २००८ या काळातली टीआरएक्स ४०० ईएक्स म्हणजे ३९७ सीसी, ८५ मिमी बोअर, ७० मिमी स्ट्रोक, हवेवर थंड होणारं एकच सिलिंडर, चार वाल्व आणि केहिन कंपनीचा ३८ मिमीचा सीव्ही कार्ब्युरेटर (यात स्लाइड, म्हणजे आतला सरकता पडदा, तारेने नाही तर हवेच्या दाबाने उचलला जातो). २००५पासून रिव्हर्स गिअर आला, इंजिन मुळात तेच. आपल्याकडे दिसतात त्या बाहेरून आलेल्या, हातोहात फिरलेल्या गाड्या. त्यांचं वय आणि इतिहास कागदापेक्षा इंजिनच खरं सांगतं. अशा गाडीची हरवलेली निम्मी ताकद झिजेत गेलेली असते, आणि ती कुठल्याही संचात मिळत नाही.

म्हणून संच उघडण्याआधी तीन गोष्टी करा. इंजिन पूर्ण थंड असताना वाल्व क्लिअरन्स, म्हणजे वाल्वजवळची मोकळी फट, तपासा: इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.१२ मिमी. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला चीर आहे का ते बघा. इंजिन आयडलवर ठेवून रबरावर गंजरोधक स्प्रे थोडा मारा. आरपीएम हलला तर तिथून हवा शिरते आहे, आणि अशा गाडीचं जेटिंग (जेटची जुळवणी) कितीही जन्म केलं तरी बसणार नाही. तिसरी लीकडाऊन टेस्ट: बंद सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते बघणं. हवा ऑइल टँकच्या तोंडातून येत असेल तर रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट वाल्व. दोन्हींपैकी काहीही निघालं तर संचाचे पैसे तिकडे वळवा.

आता पॉड फिल्टर. मूळ एअरबॉक्स नुसती धूळ अडवत नाही. सीव्ही कार्ब्युरेटरचा स्लाइड डायफ्रॅमखालच्या आणि वरच्या दाबातल्या फरकावर उचलला जातो, आणि तो फरक नीट राहायला तोंडाशी शांत हवा लागते. पॉड लावला की बाजूचा वारा, मागच्या चाकाची हवा, सगळं थेट तोंडावर. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते आणि मालक जेट बदलत बसतो. त्यात ऊसतोडीच्या हंगामात पाणंदीवर ट्रॉल्यांनी उडवलेला फुफाटा पिठासारखा बारीक असतो. संचातली कापडी जाळी त्यातला बराच भाग आत सोडते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ही धूळ म्हणजे रिंगांना लावलेला पॉलिश पेपर.

त्याऐवजी मूळ डबा ठेवा, फक्त वरचं झाकण काढा आणि आत दोन थरांचा फोम फिल्टर बसवा. हवा भरपूर मिळते, डब्याचा फायदाही राहतो. फोम रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोलने नको, जोडाचा गोंद सुटतो. पूर्ण वाळल्यावर फिल्टरचंच तेल लावून पिळा. इंजिन ऑइल लावलं तर ते उभ्या गाडीत खाली उतरतं आणि वरचा अर्धा फोम कोरडा पडतो. बसवताना ओठावर ग्रीसची पातळ रेघ द्या. आठवड्याने फिल्टरच्या मागच्या नळीत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर बसवणीत चूक आहे. जावळी-महाबळेश्वरकडे जून ते सप्टेंबर गाडी काढायचीच असेल तर झाकण परत लावा, पण तेव्हा मूळ जेटही परत घाला. मोठा जेट आणि बंद झाकण ही जोडी प्लग काळा करते.

जेटच्या पुडीला मात्र पूर्ण गुण. मूळ मेन जेट (पूर्ण थ्रॉटलचा) १४८, पायलट (आयडल आणि कमी थ्रॉटलचा) ३८. झाकण काढून आणि सायलेन्सर मोकळा करून अमेरिकेतले लोक साधारण १५८ ते १६५ मेन आणि ४० किंवा ४२ पायलट घालतात. हे आकडे इथे डोळे मिटून उचलू नयेत, पण घाबरण्यासारखंही नाही. आपलं पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलला कमी हवा लागते, म्हणून त्याच जेटवर ई२० थोडं लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. तिकडचं पेट्रोल बहुतेक ई१०, तेव्हा तिकडच्या आकड्यात दोन-तीन अंकांची भर हवी. उलट उंचीवर हवा विरळ, मिश्रण रिच होतं (इंधन जास्त होतं), तिथे अंक कमी करावे लागतात. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. तिथे या दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळपास फेडून टाकतात. सांगली साडेपाचशेच्या आसपास आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठणारी. तापलेली हवाही विरळच, त्यामुळे फरक फारसा नाही. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या पुढे, तिथे कायम राहणाऱ्या गाडीला एक पायरी लहान जेट. सुरुवात दोन्ही जिल्ह्यांत १५८ आणि ४० ने करा.

पुडीतले जेट केहिनचेच आहेत ना, हे मात्र बघून घ्या. केहिनचा आकडा भोकाच्या व्यासावर असतो, मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या षटकोनी जेटचा प्रवाहावर. १५८ लिहिलंय म्हणून बसवलं आणि सगळं गणित चुकलं असं होतं. यामाहाच्या आरडी आणि आरएक्सवर हात बसलेले काही मिस्त्री तार फिरवून जेट ‘मोठा’ करून देतात. नको. त्या भोकाला मग आकडाच उरत नाही. कार्ब उघडलाच आहे तर फ्लोट बाऊलची ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी नवीन घाला, ई२०ने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. डायफ्रॅम पेट्रोलने धुऊ नका.

बसवल्यावर क्रम असा. इंजिन गरम करून आयडल ठरवा, मग फ्युएल स्क्रू (आयडलचं इंधन कमी-जास्त करणारा) हळूहळू उघडत सर्वांत चढा आणि स्थिर आयडल शोधा. स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त उघडावा लागला तर पायलट एक पायरी मोठा हवा, एका फेरीच्या आत थांबला तर लहान. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होणं, आरपीएम हळू उतरणं ही पायलट लीन असल्याची खूण. पाव ते पाऊण थ्रॉटलची तक्रार स्लाइडला लटकलेल्या सुईची असते. मूळ सुईला खाचा नाहीत, म्हणून तिच्या डोक्याखाली अर्धा मिमी जाडीचा एक वॉशर घालून ती उचलायची. मेन जेट शेवटी: चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर ओढत असताना थ्रॉटल किंचित सोडा. ओढ वाढली तर जेट लहान आहे. पूर्ण थ्रॉटलला इंजिन जड, घोगरं चाललं तर मोठा. प्लगच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका, ई२०वर तो फिकटच दिसतो. ही चाचणी खासगी जागेतच. या गाड्यांना रस्त्यावर परवानगी नाही, आणि कास पठार तर २०१२पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिकडे चाक वळवण्याचा प्रश्नच नाही.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. वजन कमी होतं, वरच्या आरपीएमला थोडा फरक पडतो, आवाज मात्र दुप्पट झाल्यासारखा वाटतो. संचातल्या बहुतेकांत स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) नसतो. माघापासून वळीव पडेपर्यंत आपल्या डोंगरांवरचं गवत वाळून कडक झालेलं असतं. एका ठिणगीने वणवा लागतो. अरेस्टरची जाळी वेगळी मिळत असेल तरच घ्या, नाहीतर मूळ सायलेन्सरवर भागवा आणि मेन जेट १५५च्या आसपास आणा.

संचात नसलेली, पण चढावर सगळ्यात जास्त जाणवणारी वस्तू म्हणजे पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र). मूळ जोडी १५-३८. पुढे १४ दातांचा घातला की गुणोत्तर २.५३वरून २.७१ होतं, म्हणजे ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि टॉप स्पीड तेवढाच घटतो. घाटात राहणाऱ्याला टॉप स्पीडचं दुःख नसावं. चेन ५२०, ती झिजली असेल तर नवीन स्प्रॉकेटवर जुनी चढवू नका. मागचे टायर मात्र बघा. मूळ २० इंची. दिसायला दणकट म्हणून कोणी २२ इंची घातले असतील तर ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी आधीच गेलेली आहे, आणि १४ दातांनी तीही पूर्ण भरून येत नाही.

दुकानदार पुढे ४४० बिग बोअरचा, म्हणजे सिलिंडर मोठा करून मोठा पिस्टन बसवण्याचा, आग्रह धरतो. पिस्टन ८९ मिमीचा, प्रत्यक्षात ४३५ सीसी. मूळ स्लीव्हची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) भिंत त्यात पातळ होते, म्हणून नवीन स्लीव्हसकटच विचार करा. कॉम्प्रेशन ११:१चा पिस्टन इथल्या उन्हात हवेवरच्या इंजिनाला देऊ नये, १०:१पर्यंत थांबावं. अमेरिकी खोक्यावरचं ‘९१ ऑक्टेन’ आपल्याकडच्या आरओएन या ऑक्टेन मोजणीत ९५-९६ होतं, हेही दुकानात कोणी सांगत नाही. काम कुपवाड-मिरजेकडच्या बोअरिंगवाल्यांकडे उत्तम होतं, ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांचे लायनर करून त्यांचा हात तयार आहे. पण पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करायला सांगू नका. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन कास्टपेक्षा (ओतीवपेक्षा) जास्त फुगतो, त्याचं क्लिअरन्स पुडीतल्या कागदावर असतं तेच द्यायचं. डिझेलच्या सवयीने दिलं तर पहिल्या चढावर पिस्टन धरतो. रिंगेचा गॅप बोअरमध्ये घालून फीलर गेजने मोजा, कागदावर आकडा नसेल तर ०.३५ मिमीच्या आसपास. होनिंगनंतर (सिलिंडर दगडाने आतून घासल्यावर) सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. रॉकेलने पुसलेल्या सिलिंडरमध्ये होनिंगचा कचरा भेगांत राहतो. पहिलं ऑइल तासाभराच्या हलक्या चालीनंतर गरम असतानाच काढा आणि फिल्टरही तेव्हाच बदला.