दोन भागांची स्टोमा पिशवी : अमळनेरच्या उन्हाळ्यात सहा महिने वापरून

मी अमळनेरला ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी शिवणारीच्या नजरेनं बघितलंय. पोटाला चिकटवायची पिशवी म्हणजे अंगावर घालायचा कपडाच आहे. माप चुकलं की ती टिकत नाही, मग कंपनी कुठलीही असो. म्हणून कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. नाव वाचून कोणी तेवढंच मागवेल आणि माप घ्यायचं राहून जाईल.

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात जळगावला माझं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आतला जोड भरून येईपर्यंत त्याच्यावरून काही जायला नको, म्हणून डॉक्टरांनी लहान आतड्याचा एक वेढा पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवला. याला इलिओस्टॉमी म्हणतात, आणि बाहेर दिसणाऱ्या लाल तोंडाला स्टोमा. संडास तिथूनच येते, तीही पातळ, आणि आपल्या हातात काही नसतं. माझं मधे केमो झालं, त्यामुळे स्टोमा सप्टेंबरमध्ये बंद केला. तोवरचे सहा महिने, त्यातला अख्खा एप्रिल-मे, मी या पिशवीबरोबर काढले.

दवाखान्यातून आठव्या दिवशी सोडलं तेव्हा पोटावर एका भागाची पिशवी होती, म्हणजे चिकटणारी चकती आणि पिशवी एकत्रच. खाली शेपटी, तिला चिमटा. बरोबर तशाच चार दिल्या होत्या. घरी तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला ती खालच्या कडेनं सुटली. चादर, गादी, माझी साडी, सगळं भरलं. आमचे हे एक शब्द न बोलता पाणी तापवायला उठले. सून गादीची खोळ काढत होती आणि मला म्हणत होती, "आई, तुम्ही फक्त बसून राहा, वाकू नका." मी भिंतीला टेकून रडत होते. त्या रात्री लाजेनं माझा जीव नकोसा झाला होता, हे मला लिहायलाच हवं. असं कोणाचं झालं असेल तर तिला कळू दे की हे होतं, आणि थांबवताही येतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत स्टोमाभोवतीची कातडी भाजल्यासारखी लाल. लहान आतड्यातून येतं त्यात अन्न पचवणारे रस असतात, ते कातडीलाही सोडत नाहीत. मी खोबरेल तेल लावलं, कारण घरात भाजलं-सोललं की आपण तेच लावतो. मग तर चकती चिकटेचना. तेलावर काही चिकटत नाही, साबणाच्या ओशटपणावरही नाही. चार दिवसांत चार पिशव्या संपल्या.

तपासणीला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरनं अर्धा तास दिला, आणि तो अर्धा तास माझ्यासाठी औषधाइतका मोलाचा होता. तिनं स्टोमाचं माप घेतलं. गोल छिद्रं पाडलेलं एक कार्ड असतं, ते वरून लावून बघायचं. माझा स्टोमा गोल नव्हताच. आडवा ३८ मिलिमीटर, उभा ३२. चकतीला मात्र गोल भोक, तेही चांगलं मोठं कापलेलं. मधली उघडी कातडी रोज जळत होती.

"ताई, भोक स्टोमापेक्षा सगळीकडून दोन मिलिमीटर मोठं हवं. जास्त नको, कमी नको," सिस्टर म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे दोन मिलिमीटर माया. ती हसली, पण मला त्या क्षणी सगळं कळलं. ब्लाउजला अर्धा इंच माया ठेवतो, पुढे उसवून सैल करता यावा म्हणून. इथे माया ठेवायची ती स्टोमा घासू नये म्हणून. जास्त ठेवली तर कातडी जळते, कमी ठेवली तर कड स्टोमाला कापते.

तिनंच दोन भागांची पिशवी सुचवली. चकती वेगळी, तिच्यावर प्लास्टिकची कडी. पिशवी वेगळी, तिलाही कडी. डबीचं झाकण बसावं तशी एकावर एक दाबायची, टक् असा आवाज आला की बसली. चकती तीन-चार दिवस पोटावर राहते, पिशवी काढून धुता येते किंवा बदलता येते. कातडीसाठी हे फार चांगलं, कारण रोज ओरबाडलं जात नाही. कडीचं माप दोन्हीचं एकच लागतं. माझं ५७ चं होतं. एकदा मुलानं चकत्या ५७ च्या आणल्या आणि दुकानदारानं पिशव्या ४५ च्या बांधून दिल्या. घरी उघडल्यावर कळलं. पुन्हा जळगावची फेरी झाली. दुकानातच डबा उघडून एक चकती आणि एक पिशवी जोडून बघा, आवाज ऐका, मग पैसे द्या.

आता कापण्याबद्दल. हे मी सविस्तर लिहिते, कारण डब्यातल्या कागदावर चित्रं आहेत पण हात कसा चालवायचा ते नाही. चकतीच्या मागच्या कागदावर गोल रेघा छापलेल्या असतात. तुमचा स्टोमा गोल नसेल तर त्या रेघांवर जाऊ नका. मी पातळ पारदर्शक प्लास्टिकवर स्टोमाचा आकार उतरवून घेतला, तोच साचा. पण साचा चकतीच्या मागच्या बाजूला ठेवताना पालथा करावा लागतो. नाहीतर डाव्या बाजूचा फुगवटा उजवीकडे जातो, डावा मुंढा उजवीकडे बेतल्यासारखं. पहिल्यांदा मी ही चूक केली आणि एक चकती वाया गेली. टोकाला वाकडी असलेली लहान कातरी घ्या. कापून झालं की आतली कड बोटानं गोल गोल चोळून गुळगुळीत करा. आणि पहिले दीड-दोन महिने दर आठवड्याला माप पुन्हा घ्या, कारण सूज उतरते तसा स्टोमा लहान होत जातो. माझा मेच्या सुरुवातीला २८ वर आला. मार्चचा साचा तेव्हा वापरला असता तर कातडी पुन्हा जळाली असती.

बदलायची वेळ सकाळची, चहाच्या आधी. पोट रिकामं असलं की स्टोमा शांत असतो. कोमट साधं पाणी, जुन्या सुती कापडाचे तुकडे, बस्स. डेटॉल नको, अत्तरवाला साबण नको. पुसताना थोडं रक्त लागलं तर घाबरू नका, तो भाग नाजूक असतो. कातडी लाल असेल तर स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. कातडी पूर्ण कोरडी झाली की चकती खालून वर लावत जायची आणि पाच मिनिटं त्यावर तळहात ठेवून निजायचं. अंगाच्या उबेनं ती धरते. हे पाच मिनिटं कोणी सांगत नाही. मी घाईत उठले त्या प्रत्येक दिवशी ती संध्याकाळपर्यंत सुटली.

दिवसातून सहा-सात वेळा पिशवी रिकामी करावी लागायची. एक तृतीयांश भरली की करायची, गच्च होऊ दिली तर वजनानं ओढते. रात्री झोपताना एकदा, मग दोनचा गजर.

उन्हाळ्याबद्दल मला खास लिहायचंय, कारण या पिशव्या ज्यांनी बनवल्या त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन नसावं. मार्चमध्ये चार दिवस टिकणारी चकती मेमध्ये अडीच दिवसांवर आली. घामानं कड पांढरी पडून फुगायची. डबा पत्र्याच्या कपाटात होता, तिथे चिकट भाग मऊ पडला. मग माठाजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि फरक पडला. वीज गेली की कूलर बंद, मग मी ओल्या पंचानं पाठ-मान पुसत राहायची, पोट मात्र कोरडं. पिशवीचं प्लास्टिक घामानं मांडीला चिकटून पुरळ उठलं. त्यावर मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराची कव्हरं शिवली, मागून उघडी, वर कडीसाठी गोल भोक, कडेनं बारीक पट्टी. धुवून धुवून मऊ झालेलं सूत घाम शोषतं. विकत मिळणाऱ्या कव्हरांपेक्षा ही चांगली, हे मी खात्रीनं सांगते.

एप्रिलच्या शेवटी एक गोष्ट अंगावर आली असती. पिंढऱ्यांत गोळे यायला लागले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी तहान लागते म्हणून साधं पाणी पीतच होते आणि पिशवी तितकीच भरत होती. सिस्टरच्या सांगण्यावरून मापाच्या भांड्यात मोजलं तर दिवसाला दीड लिटरच्या वर. इलिओस्टॉमीत पाण्याबरोबर मीठही जातं, आणि नुसतं पाणी ढोसलं की आणखी जातं. एक दिवस सलाईन लागलं, डॉक्टरांनी गोळी दिली. पुढे ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून दिवसभर घोट घोट, शिवाय मीठ घातलेलं ताक आणि भाताची पेज. मोजायचं भांडं पिशवीच्या डब्यात देत नाहीत, पण ते घ्याच. पिशवी पारदर्शक घेण्याचं कारणही हेच. पहिले महिने आत काय आणि किती आहे ते दिसलं पाहिजे. (बीट खाल्लं की ते लाल दिसतं. मी रक्त समजून सुनेला हाक मारली होती.)

जेवणाचं थोडक्यात. केळं, साबुदाणा, मऊ भात यांनी दाट व्हायचं. रावेर-यावलची केळी घरात कायम असायची. पहिले दीड महिने कळण्याची भाकरी, शेंगदाण्याचा कूट, मक्याचं कणीस बंद होतं. भरताच्या वांग्याच्या बिया नकोत म्हणून भरीतही नाही. शेंगदाण्याशिवाय खानदेशी भाजी कशी करायची, हे सुनेनं शिकून घेतलं. नंतर एकेक पदार्थ चमचाभर, खूप चावून.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक नाशिकहून आली. दारच्या झोक्यावर बायका गाणी म्हणत होत्या, मी घरात पडून. शेजारच्या आजी येऊन बसल्या, "आते बरं शे ना वं माय?" एवढंच विचारलं आणि हात धरून राहिल्या. संध्याकाळी लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की पोटाला चिकटणारी पिशवी १९५४ साली डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन नावाच्या नर्सनं सुचवली. तिची बहीण थोरा हिचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि गळतीच्या भीतीनं ती घराबाहेर पडत नव्हती. त्याआधी कापडी पट्टे आणि काचेची, धातूची भांडी पोटाला बांधत. ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी कव्हर घातलं, वरून सैल परकर, आणि झोक्यापर्यंत चालत गेले. बसले नाही, उभी राहिले. कोणाला काही दिसलं नाही, वास आला नाही.

उणिवाही आहेत. कडी टणक आहे. मशीनवर वाकलं की बरगडीखाली टोचायची. सात आठवड्यांनी मी शिलाईला बसले तेव्हा खुर्ची उंच करावी लागली. हवा जाण्यासाठी वर जी जाळी असते ती पातळ संडासानं लगेच भिजते आणि निकामी होते. तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पिशवी धरून ठेवायला कमरेला जो पट्टा लावतात, त्याचं लवचीक सूत कडेला कातडी कापतं, मी त्याला अस्तर लावलं. शेपटीला चिमट्यापेक्षा गुंडाळून चिकटणारी पट्टी बरी, चिमटा पोटात रुततो. आणि खर्च. मला चकती साधारण ₹३०० ला आणि पिशवी ₹१८० ला पडली. उन्हाळ्यात महिन्याला पाच हजारांच्या आसपास गेले. माझ्या शिलाईतून इतके सुटत नाहीत. हे परवडत नाही म्हणून कितीतरी बाया एकच चकती आठवडाभर ओढत असतील, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी दोन भागांचीच घेईन. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा दिसत कमी आहे, त्यांना कडी दाबून बसवणं जड जाईल. त्यांनी एका भागाची घ्यावी आणि भोक घरच्यांकडून नीट कापून घ्यावं.

सप्टेंबरमध्ये स्टोमा बंद झाला तेव्हा सहा चकत्या आणि सात पिशव्या उरल्या होत्या. पारोळ्याचे एक काका, त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यांची सून घ्यायला आली. मी डबा उघडायच्या आधी तिला त्यांच्या कडीचं माप विचारलं. ७० चं निघालं. माझ्या ५७ च्या वस्तू त्यांच्या उपयोगाच्या नव्हत्या, म्हणून त्या जळगावच्या सिस्टरकडे पाठवल्या. कव्हरं मात्र त्याच दुपारी नव्या मापानं बेतली. धोतराचा एवढाच तुकडा शिल्लक होता. त्यात तीन निघाली, चौथं निळ्या रेघांच्या शर्टाच्या कापडाचं करून दिलं.