सांगलीहून हैदराबाद: उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) की लोहगाव (पुण्याचा)?

नकाशावर सरळ रेघ मारली तर कोल्हापूर-हैदराबाद हवाई अंतर साधारण ४४५ किलोमीटर आणि पुणे-हैदराबाद ५०० च्या आसपास. पण कोल्हापूरहून पंख्याचं एटीआर विमान उडतं, ताशी जेमतेम ५०० किलोमीटरने. पुण्याहून जेट, ते ८०० च्या घरात. म्हणून अंतर कमी असूनही हवेतला वेळ जवळपास सारखाच, तासाभराचा.

खरा फरक जमिनीवर पडतो. सांगलीतून जयसिंगपूरमार्गे उजळाईवाडी पन्नासेक किलोमीटर, सव्वा तास धरा. लोहगाव मात्र २३० च्या पुढे: पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, आणि वर पुण्याची गर्दी. पाच तास हाताशी ठेवा, शनिवार-रविवार असेल तर जास्तच. म्हणजे आकाशात तासभर आणि त्यासाठी रस्त्यावर अर्धा दिवस!

तरी पुण्याला एक गोष्ट आहे: दिवसभरात विमानं बरीच. कोल्हापूरला मोजकीच, एक हुकलं की दिवस गेला. परदेशी जोडविमान पकडायचं असेल तर मी पुणे घेईन. एरवी सरळ उजळाईवाडी, तिकीट हजार-दीड हजाराने महाग पडलं तरी. तेवढे तर पुण्याच्या डिझेल-टोलमध्येच जातात.