पाराती की तिरादेंतेस? ब्राझीलच्या सोन्याच्या वाटेवरची दोन गावं

कामानिमित्त साओ पाउलो किंवा रिओला गेलेल्या माणसाच्या हाताशी दोन-तीन दिवस मोकळे असले, की प्रश्न येतोच: महानगर सोडून एखादं जुनं गाव बघायचं तर कुठलं? उत्तरात ही दोन नावं हमखास येतात. पाराती रिओ राज्याच्या किनाऱ्यावर, रिओ आणि साओ पाउलोच्या साधारण मध्ये. तिरादेंतेस मिनास जेराइस राज्यात, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. पांढऱ्या भिंती, रंगीत दारं-खिडक्या, दगडी रस्ते आणि जुनी चर्च दोन्हीकडे आहेत, त्यामुळे फोटो बघून निवड करता येत नाही. ही गावं कशावर जगली आणि आज कशावर जगतात, हे बघितलं तर मात्र फरक लख्ख दिसतो.

आधी एक खुलासा. ब्राझीलमध्ये 'मुनिसिपिओ' म्हणजे नुसतं शहर नव्हे. भोवतालची खेडी, शेती, जंगल असा आपल्या तालुक्यासारखा सगळा मुलूख त्यात येतो आणि त्यावर निवडून आलेला महापौर असतो. पारातीचा मुलूख सुमारे ९२५ चौरस किलोमीटर, लोकवस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास. तिरादेंतेस जेमतेम ८३ चौरस किलोमीटर आणि माणसं आठ हजारांच्या आत. निवडीचा निम्मा प्रश्न मला इथेच सुटतो असं वाटतं, पण त्याकडे नंतर येऊ.

दोघांची गाठ सोन्यानं बांधली. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनासच्या डोंगरांत सोनं सापडलं. तिरादेंतेसच्या परिसरात ते १७०२ च्या सुमारास मिळालं, वस्ती वाढली आणि १७१८ मध्ये तिला साओ जोझे देल रेय या नावानं गावाचा दर्जा मिळाला. पाराती त्याहून जुनं, १६६७ मध्ये शेजारच्या आंग्रा दोस रेइसपासून वेगळं झालेलं. गुआयाना आदिवासींची एक जुनी पायवाट सेर्रा दो मार या किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेचा घाट चढून आतल्या मुलखात जात असे. पोर्तुगीजांनी तीच दगड घालून खेचरांसाठी पक्की केली. खाणींतलं सोनं सहाशेहून जास्त किलोमीटर चालून पारातीच्या धक्क्यावर उतरायचं आणि तिथून होडीनं रिओला जायचं. उलट दिशेनं मीठ, लोखंडी अवजारं, कापड आणि साखळदंडातले आफ्रिकी गुलाम वर चढायचे. खाणीत राबणारे हात त्यांचेच होते आणि घाटातले दगड बसवणारेही. ही गावं बघताना ही गोष्ट नजरेआड करू नये.

म्हणजे एक गाव खाणीचं, दुसरं वाहतुकीचं. पुढचा सगळा फरक यातून आला.

पारातीचा पहिला बहर फार टिकला नाही. रिओ ते पाराती हा समुद्रातला टप्पा चाच्यांच्या तावडीत सापडण्यासारखा होता, म्हणून गार्सिया रोद्रिगेस पाएस या माणसाकडून रिओहून थेट मिनासला जाणारा नवा रस्ता काढून घेण्यात आला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो वापरात आला आणि पारातीची सोन्याची वाहतूक आटली. गाव ऊस आणि कशासाकडे, म्हणजे उसाच्या दारूकडे वळलं. एकोणिसाव्या शतकात घाटावरच्या पाराइबा नदीच्या खोऱ्यात कॉफी आली आणि तोच जुना घाट उतरून कॉफीची पोती बंदरात येऊ लागली. गुलामांच्या व्यापारावर १८३१ च्या कायद्यानं बंदी आल्यावरही या किनाऱ्यावर चोरून गुलाम उतरवले जात होते. मग १८७० च्या दशकात रिओ आणि साओ पाउलो रेल्वेनं जोडले गेले, कॉफी आगगाडीनं जायला लागली. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली. माणसं गाव सोडून गेली आणि पाराती जवळजवळ शंभर वर्षं विसरलं गेलं. हातात पैसा नसल्यानं कुणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. १९५८ मध्ये राष्ट्रीय वारसा संस्थेनं जुनी पेठ संरक्षित केली, सत्तरच्या दशकात रिओ–सांतोस महामार्ग आला आणि गाव पुन्हा जगाच्या नकाशावर उमटलं.

तिरादेंतेसची कहाणी एका दमात सांगता येते. सोनं होतं तोवर वैभव होतं. ब्राझील तेव्हा पोर्तुगालची वसाहत, त्यामुळे सोन्याचा पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा. पुढे वर्षाला १०० आरोबा, म्हणजे सुमारे दीड टन सोनं मिनासनं भरायचंच असा हिशेब ठरला. खाणी आटल्या तरी मागणी तीच राहिली आणि थकबाकी सक्तीनं वसूल होणार, या भीतीतून पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा १७८९ चा कट शिजला. कटवाल्यांपैकी पाद्री तोलेदो यांचं घर याच गावात आहे. आज तिथे संग्रहालय आहे आणि रंगवलेली छतं बघण्यासारखी आहेत. कटातला लष्करी अधिकारी जोआकिम जोझे दा सिल्व्हा शाव्हिएर, दात काढण्याच्या हुन्नरामुळे 'तिरादेंतेस' म्हणून ओळखला जाणारा, जवळच्याच एका शेतवाडीवर जन्मलेला. त्याला २१ एप्रिल १७९२ रोजी रिओत फाशी दिलं आणि देहाचे तुकडे मिनासच्या वाटेवर टांगले. पुढे प्रजासत्ताक आलं तेव्हा, १८८९ मध्ये, गावाला त्याचं नाव मिळालं. २१ एप्रिलला ब्राझीलभर सुट्टी असते.

गावातलं सांतो आंतोनिओ चर्च मात्र सावकाश बघा. १७१० मध्ये बांधायला घेतलेलं. आत शिरल्यावर लाकडी कोरीवकामावर चढवलेला सोन्याचा मुलामा वेदीपासून वरपर्यंत पसरलेला दिसतो. वरच्या सज्जात पोर्तुगालहून १७८८ मध्ये आणलेला ऑर्गन आहे. डोंगर पोखरून निघालेल्या सोन्यातलं गावात मागे राहिलेलं जे काही, ते इथे आहे.

आजच्या पोटापाण्याचं काय? तिरादेंतेस पर्यटनावर जगतं, आणि जवळपास फक्त पर्यटनावर. जानेवारीत चित्रपट महोत्सव, ऑगस्टमध्ये खाद्यमहोत्सव, एरवी शनिवार-रविवारची गर्दी. जोडीला चांदीकाम, लाकूडकाम, आणि शेजारच्या बिशिन्योसारख्या वस्तीतली हस्तकला. १८८१ मध्ये सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या हजेरीत सुरू झालेली नॅरो गेज वाफेची गाडी अजूनही शेजारच्या साओ जोआओ देल रेय शहरापर्यंतचे बारा किलोमीटर धावते. तिरादेंतेस स्टेशनात इंजिन फिरत्या चकतीवर घेतात आणि माणसं हातानं ढकलून त्याचं तोंड उलट्या दिशेला वळवतात. रेल्वेची आवड असेल तर एवढ्यासाठीही इथे यावं. मात्र गाडी मुख्यत्वे आठवड्याच्या अखेरीस धावते, वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. मंगळवारी गेलात तर गाव शांत मिळेल, पण बऱ्याच दुकानांची आणि खानावळींची दारं बंद असतील.

पारातीतही पर्यटनच पुढे आहे, पण एकटं नाही. रिओ राज्याच्या किनाऱ्यावरच्या इतर मुनिसिपिओंप्रमाणे इथल्या तिजोरीतही समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी येते. काइसारा म्हणून ओळखले जाणारे किनाऱ्यावरचे लोक मासेमारी करतात. डोंगरउतारावर केळी आणि कसावा होतो, ज्याच्यापासून आपला साबुदाणा निघतो तोच. कशासाच्या भट्ट्या चालू आहेत आणि त्यांतल्या काही जरूर बघाव्यात: ताजा रस आंबवतात, तांब्याच्या भांड्यात उकळतात, आधी उतरणारी तीव्र धार आणि शेवटची पाणचट धार बाजूला काढून फक्त मधली ठेवतात. पारातीच्या कशासाला २००७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये. फेणीचा काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणलेला, तेव्हा गोवेकरांना या भट्टीत फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि काम्पिन्यो दा इंदिपेंदेन्सिया. गुलामगिरी संपल्यावर मळेवाले निघून गेले तेव्हा तीन स्त्रियांनी वसवलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. महामार्ग आल्यावर जमिनीला भाव आला आणि जमीन बळकावणारेही आले. वस्तीनं लढा दिला आणि १९९९ मध्ये सामूहिक मालकीचा कागद मिळवला, रिओ राज्यात पहिल्यांदा. आज तिथे वस्तीचंच उपाहारगृह आणि हस्तकलेचं दुकान आहे, फेरीही वस्तीतली माणसंच घडवतात. शेजारच्या त्रिंदादे गावाचा समुद्रकाठ एका बड्या कंपनीनं घेतला, तेव्हा तिथल्या मच्छीमारांनीही झगडून गावाचा काही भाग राखला. जुन्या गावांच्या या झगमगाटात कुणाची घरं गेली हे तिरादेंतेसमध्येही विचारण्याजोगं आहे. तिथेही बाहेरच्यांनी मध्यवस्तीतली घरं घेतली आणि मूळ रहिवासी कडेला सरकले. फरक एवढाच, की पारातीत याचं उत्तर द्यायला माणसं समोर बसलेली असतात.

पारातीच्या पेठेत मोटारींना मज्जाव आहे. रस्ते मधोमध खोलगट, कडेला उंच. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला खाडीचं पाणी खालच्या गल्ल्यांत शिरतं, उंबऱ्यांखाली तासभर थांबतं आणि ओहोटीबरोबर निघून जातं. ओबडधोबड दगडांवर पाय मुरगळायला वेळ लागत नाही. आईवडील बरोबर असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर हे मनावर घ्या. तिरादेंतेसचे दगड काही मऊ नाहीत, चढही आहेत, पण गाव इतकं छोटं की दमलं तर मुक्काम हाकेच्या अंतरावर.

पावसाचाही हिशेब हवा. डिसेंबर ते मार्च पारातीत कोकणासारखा पाऊस पडतो आणि दरडी कोसळतात. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीलाही दरडींमुळे इथे माणसं दगावली. त्या महिन्यांत निघणार असाल तर मी सरळ तिरादेंतेस सांगेन. पाऊस तिथेही असतो, पण रस्ता असा कड्याखालून जात नाही. जून ते ऑगस्ट तिरादेंतेस कोरडं, स्वच्छ उन्हाचं आणि रात्री चांगलंच थंड.

बाकी वेळी माझं मत पारातीला. एकाच जागी सोनं, ऊस, कॉफी, उजाड काळ, महामार्ग, तेल असे थर एकावर एक बघायला मिळतात आणि त्यांतून तगलेले लोक त्यांची गोष्ट स्वतः सांगतात. मोठ्या मुलुखाचा हा फायदा. २०१९ मध्ये युनेस्कोनं पाराती आणि जवळचं इल्या ग्रांदे बेट यांना संस्कृती आणि जैवविविधता दोन्हींसाठी जागतिक वारसा मानलं, तेही यामुळेच. तिरादेंतेस निवडावं ते बरोक कला, १७८९ चा कट किंवा वाफेचं इंजिन यांतलं काही मनापासून आवडत असेल तर. शिवाय मिनासची राजधानी बेलो ओरिझोंतेला काम असेल तर प्रश्नच नाही, तिथून ते दोनशे किलोमीटरच्या आत आहे.

पाराती ठरलं आणि साओ पाउलोहून निघणार असाल, तर किनाऱ्याचा रस्ता सोडून कुन्या गावावरून घाट उतरा. हा रस्ता सोन्याच्या जुन्या वाटेच्या जवळून, बोकाइना राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून जातो आणि गुलामांनी बसवलेल्या दगडांचा काही भाग वाटाड्याबरोबर चालत बघता येतो. धुकं लवकर उतरतं, तेव्हा घाट दुपारच्या आत पार करा. जुलै-ऑगस्टच्या सुमारास साहित्य महोत्सव असला तर खोल्या कित्येक महिने आधी संपतात. त्या आठवड्याच्या तारखा आधी तपासा आणि मगच तिकीट काढा.